इंग्रजी राजकारणातले वाक्प्रचार पोर्तुगीजमध्ये आणताना

इंग्रजी वर्तमानपत्राचं राजकीय पान उघडा. मंत्र्याला बसखाली ढकललेलं असतं, सरकारने रिकामा डबा लाथेने पुढे सरकवलेला असतो, राष्ट्राध्यक्ष लंगडं बदक झालेला असतो. हे शब्दशः पोर्तुगीजमध्ये नेलं तर वाचक बुचकळ्यात पडतो, संपादक खूण करतो आणि चूक दुरुस्त होते. अशी चूक फार नुकसान करत नाही. नुकसान करतो तो अगदी चपखल बसणारा पोर्तुगीज वाक्प्रचार. तो वाचायला सहज असतो, म्हणून कोणी हटकत नाही. पण येताना तो आपल्या देशाचे घोटाळे, माणसं आणि जुनी भांडणं सोबत घेऊन येतो. वॉशिंग्टनच्या सिनेटरबद्दल वाचता वाचता वाचक मनाने ब्राझिलियात जाऊन बसतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये माझा जोर प्रतिशब्द शोधण्यापेक्षा सापडलेला प्रतिशब्द तपासण्यावर आहे.

पोर्तुगीज शब्द मी त्यांच्या लेखनाला जवळ राहील अशा बेताने देवनागरीत दिले आहेत. लिस्बन आणि रिओ इथले उच्चार याहून थोडे वेगळे ऐकू येतील.

पायरी १ : वाचक कुठला, ते आधी ठरवा

गोवा विद्यापीठात किंवा पणजीच्या वर्गांमध्ये पोर्तुगीज शिकलेल्यांच्या कानात बहुतेक लिस्बनची भाषा असते. काम मात्र ब्राझीलसाठी येण्याची शक्यता जास्त, कारण ब्राझीलची लोकसंख्या 20 कोटींच्या वर आहे आणि पोर्तुगालची जेमतेम 1 कोटी. दोन्हीकडच्या व्याकरणातले आणि लेखनातले फरक सरावाने सांभाळता येतात. राजकीय वाक्प्रचारांत मात्र दोन देश पार वेगळ्या वाटांनी गेलेले आहेत.

हिशेबाबाहेरच्या गुप्त पैशाला इंग्रजीत ‘स्लश फंड’ म्हणतात. ब्राझीलमध्ये त्याला ‘काइशा दोइस’, म्हणजे ‘पेटी नंबर दोन’ म्हणतात आणि त्याचा रोख मुख्यतः निवडणूक प्रचारातल्या न दाखवलेल्या पैशावर असतो. पोर्तुगालमध्ये ‘साकु अझुल’, म्हणजे ‘निळी पिशवी’ चालते, आणि ती नगरपालिकेची, क्लबची, बँकेची, कोणाचीही असू शकते. चौकशीचा गाजावाजा होऊन शेवटी काहीच निष्पन्न झालं नाही, तर ब्राझीलमध्ये ती ‘आकाबार एं पिझ्झा’ होते, म्हणजे पिझ्झ्यावर संपते. साओ पाउलोच्या पाल्मेइरास फुटबॉल क्लबमधलं भांडण पिझ्झा खाऊन मिटलं, तिथून हे आलं असं सांगतात. पोर्तुगालमध्ये तीच चौकशी ‘फिकार एं आगुआश दे बाकाल्याउ’ होते, म्हणजे बाकाल्याउच्या, कॉड माशाच्या, पाण्यात राहते. लिस्बनच्या वाचकाला पिझ्झा कळेल, पण लेख ब्राझिलियन वाटेल. धुराच्या पडद्यासारखी साधी प्रतिमासुद्धा ब्राझीलमध्ये ‘कोर्तिना दे फुमासा’ आणि पोर्तुगालमध्ये ‘कोर्तिना दे फुमु’ होते.

सत्तेतल्या आयत्या कमाईला इंग्रजीत ‘ग्रेव्ही ट्रेन’ म्हणतात. आपण ‘चरायचं कुरण’ म्हणू. पोर्तुगालमध्ये त्याला ‘ताशु’, म्हणजे स्वयंपाकाचं पातेलं म्हणतात, आणि ते राजकीय ओळखीने मिळालेल्या आरामाच्या पदासाठी वापरतात. ब्राझीलमध्ये एकाऐवजी तीन शब्द आहेत आणि तिन्ही वेगळे. ‘मामाता’ हा अंगाला लावून घेण्याचा सर्वसाधारण प्रकार. ‘काबिदे दे एंप्रेगु’, म्हणजे नोकऱ्या टांगायचा हँगर, हे बगलबच्च्यांनी भरलेल्या संस्थेचं वर्णन. ‘त्रें दा अलेग्रिया’, आनंदाची आगगाडी, ही भरतीपरीक्षा टाळून माणसांना घाऊक सरकारी नोकरीत घेण्यासाठी. मूळ इंग्रजीतही गाडी आहे म्हणून ही आगगाडी हाताला लगेच लागते, आणि अर्थ चुकतो.

मजकूर अंगोलातल्या लुआंडा किंवा मोझांबिकमधल्या मापुतोसाठी असेल तर लेखन लिस्बनच्या वळणाचं ठेवा, पण वाक्प्रचार तिथल्याच माणसाकडून तपासून घ्या.

पायरी २ : हा अलंकार आहे की पदाचं नाव?

काही शब्द एकेकाळी प्रतिमा होते, आता ते संसदीय कामकाजाचे शब्द आहेत. त्यांच्यासाठी प्रतिमा शोधू नका, त्या देशातली व्यवस्था शोधा.

इथे मराठी माणसाची खास गडबड होते. ‘व्हिप’ला आपण ‘प्रतोद’ करून टाकलं, ‘हॉर्स ट्रेडिंग’चा ‘घोडेबाजार’ केला, आणि दोन्ही आपल्याकडे इतके रुळले की ही प्रतिमा कुठेही चालेल असं वाटायला लागतं. पोर्तुगीजमध्ये चाबूकही चालत नाही आणि घोडेही. पक्षाने व्हिप काढला, हे पोर्तुगालमध्ये ‘दिसिप्लिना दे वोतु’ लादली असं सांगतात. ब्राझीलमध्ये पक्ष ‘फेशार केश्तांउ’ करतो, शब्दशः ‘प्रश्न बंद करतो’, म्हणजे सदस्यांना मतदानासाठी बांधून घेतो. घोडेबाजाराला दोन्हीकडे ‘तोमा ला, दा का’, ‘तिकडे घे, इकडे दे’, हे उत्तम बसतं.

‘शॅडो कॅबिनेट’ला पोर्तुगालमध्ये ‘गोवेर्नु-सोंब्रा’ आहे. ब्राझीलसाठी लिहिताना ‘गाबिनेते पारालेलु’ हा शब्द सुचेल, तो टाळा. 2021 मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीने कोविडच्या हाताळणीची चौकशी केली, तेव्हा अध्यक्षांना सरकारी यंत्रणेबाहेरून सल्ला देणाऱ्या गटाला हेच नाव पडलं होतं. ब्रिटिश विरोधी पक्षाची अधिकृत फळी या शब्दाने छुप्या टोळीसारखी दिसू लागते. ‘गाबिनेते-सोंब्रा’ लिहा आणि पहिल्या उल्लेखात चार शब्दांत काम समजावून सांगा.

‘रनिंग मेट’, म्हणजे जोडीने उभा राहणारा उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, ब्राझीलला परका नाही, ‘कांदिदातु अ विसे’ म्हटलं की झालं. पोर्तुगालच्या घटनेत उपराष्ट्राध्यक्षपदच नाही, त्यामुळे तिथे पदाचं पूर्ण नाव द्या.

पायरी ३ : मूळ इंग्रजी कुठली?

सर्वांत महागात पडणारं क्रियापद म्हणजे ‘टेबल’. ब्रिटनमध्ये प्रस्ताव टेबल केला म्हणजे चर्चेला आणला. अमेरिकेत टेबल केला म्हणजे बाजूला सारला. ब्रिटिश मजकुरासाठी ‘आप्रेझेंतार’, अमेरिकेच्या मजकुरासाठी ‘आदियार’, आणि कायमचा गुंडाळून ठेवायचा हेतू दिसत असेल तर ‘एंगावेतार’, म्हणजे ड्रॉवरमध्ये टाकणं. हा शेवटचा शब्द ब्राझीलमध्ये आरोप म्हणूनच ऐकला जातो. 1995 ते 2003 या काळात महाभियोक्ता असलेल्या जेराल्दु ब्रिंदेइरु यांना टीकाकारांनी ‘प्रजासत्ताकाचे महाड्रॉवरकार’ अशा अर्थाचं टोपणनाव दिलं होतं. मूळ इंग्रजीत आरोप नसेल तर ड्रॉवर उघडू नका.

‘लेम डक’चंही, म्हणजे सत्ता निसटत चाललेल्या लंगड्या बदकाचंही, तसंच. अठराव्या शतकातल्या लंडनच्या शेअरबाजारात देणी बुडवणाऱ्याला हे नाव होतं, नंतर ते अमेरिकी राजकारणात शिरलं. तिथे निवडणूक आणि सत्तांतर यांच्यामधल्या काळाशी त्याचं घट्ट नातं आहे. 1933 च्या विसाव्या घटनादुरुस्तीने अध्यक्षाचा शपथविधी 4 मार्चवरून 20 जानेवारीला आणला, तो हाच रेंगाळणारा काळ कमी करायला. अशा ठिकाणी ‘एं फिं दे मांदातु’, कार्यकाळाच्या अखेरीला आलेला, हे निर्धोक भाषांतर. पण ब्रिटिश पत्रकार स्वपक्षातच जोर गमावलेल्या पंतप्रधानालाही लेम डक म्हणतो. त्याचा ठरावीक कार्यकाळच नसतो, मग तो संपत आलाय असं लिहिणं चुकीची बातमी देणं आहे. तिथे ‘एंफ्राकेसिदु’, दुर्बळ झालेला, असं सरळ म्हणा.

ब्राझीलचा स्वतःचा वाक्प्रचार फार सुंदर आहे. सत्ता जायच्या वेळेला अध्यक्षाला मिळणारी कॉफीसुद्धा थंड असते, म्हणून ‘काफेझिन्यु फ्रिउ’. स्तंभलेखात तो वापरायला हरकत नाही. वृत्तसंस्थेच्या कोरड्या बातमीत नको.

पायरी ४ : टोचणी किती आहे ते मोजा

‘व्हिसलब्लोअर’ हा इंग्रजीत आदराचा किंवा निदान तटस्थ शब्द. ब्राझीलसाठी बरेच जण ‘देलातोर’ लिहितात. तिथे 2013 च्या 12.850 क्रमांकाच्या कायद्यात ‘कोलाबोरासांउ प्रेमियादा’ची, म्हणजे माहितीच्या बदल्यात शिक्षेत सवलत देण्याची सविस्तर तरतूद झाली, आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या ‘लावा जातो’ या भ्रष्टाचाराच्या प्रकरणात ‘देलातोर’ रोज मथळ्यात येऊ लागला. देलातोर म्हणजे स्वतः गुन्ह्यात असलेला आणि आता साथीदारांची नावं सांगणारा. आपल्याकडचा माफीचा साक्षीदार म्हणा ना. कार्यालयातला गैरव्यवहार उघड करणाऱ्या प्रामाणिक कारकुनाला एका शब्दात सहआरोपी करण्यासारखं आहे हे. दोन्ही देशांसाठी ‘देनुंसियांते’ वापरा; पोर्तुगालच्या 2021 च्या संरक्षण कायद्यातही हाच शब्द आहे.

बालेकिल्ल्याला ‘रेदुतु’ म्हणा. ‘कुर्राल एलेइतोराल’, मतांचा गोठा, हा शब्द मतदारांना गुरांच्या रांगेत नेऊन बसवतो. 1889 ते 1930 च्या जुन्या प्रजासत्ताकात स्थानिक ‘कर्नल’ लोकांकडून मतं हाकून घेत, त्या काळाची ही भाषा आहे. मूळ लेखकाला एवढं कडू म्हणायचं असेल तरच ती घ्या.

पायरी ५ : तीच प्रतिमा तिकडे जिवंत आहे का?

असेल तर फार विचार करू नका. ‘कासा आश ब्रुशाश’ (चेटकिणींची शिकार), ‘कोर्तिना दे फेर्रु’ (पोलादी पडदा), ‘बाताता केंते’ (गरम बटाटा), ‘पोर्ता जिरातोरिया’ (फिरता दरवाजा), ‘विरा-कझाका’ (कोट उलटा करणारा, आपला टोपी फिरवणारा) हे सगळे तयार आहेत. कुंपणावर बसणाऱ्याला ‘एं सिमा दु मुरु’, भिंतीवर, बसवतात. आपलं तळ्यात-मळ्यात तेच.

नव्याने शिरलेल्या प्रतिमा मात्र पाहुण्या असतात. ‘पातु मांकु’, लंगडं बदक, ब्राझीलच्या वर्तमानपत्रांत दिसतं, पण अनेकदा अवतरणचिन्हांत आणि सोबत खुलासा देऊन. वर्तमानपत्र स्वतः खुलासा देत असेल तर तुम्हीही द्या. ‘डॉग व्हिसल’, म्हणजे ठरावीक श्रोत्यांनाच कळणारा छुपा इशारा, यासाठी ब्राझीलमध्ये ‘आपितु दे काशोर्रु’ आहे. लिस्बनला कुत्रा ‘कांउ’ असतो हे विसरू नका.

पायरी ६ : देशी प्रतिमा घ्याल, तर तिचा इतिहास वाचून घ्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

देखाव्यापुरत्या सुधारणेला इंग्रजीत ‘विंडो ड्रेसिंग’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये त्यासाठी ‘पारा इंग्लेश वेर’, म्हणजे ‘इंग्रजाला दिसावं म्हणून’, हा दोन्ही देशांत चालणारा अफलातून वाक्प्रचार आहे. त्याची प्रचलित व्युत्पत्ती अशी की, ब्रिटनच्या दबावाखाली ब्राझीलने 1831 मध्ये गुलाम आणण्यावर बंदी घालणारा कायदा केला आणि गुलामांची जहाजं येतच राहिली. व्यापाराला खरा चाप बसला तो 1850 च्या कायद्यानंतर. आता समजा, बोलणारा स्वतः ब्रिटिश खासदार आहे आणि तो आपल्याच सरकारबद्दल बोलतोय. त्याच्या तोंडी ‘इंग्रजाला दिसावं म्हणून’ घातलं की गंभीर टीकेचा विनोद होतो. ‘दे फाशादा’, दर्शनी भागापुरतं, एवढंच म्हणा.

‘ड्रेन द स्वॉम्प’, म्हणजे दलदल उपसणं, याचं ‘द्रेनार उ पांतानु’ सगळीकडे चालतं. पण लिस्बनमध्ये नुसता ‘पांतानु’ आला की अँटोनियो गुटेरेस आठवतात. डिसेंबर 2001 मध्ये स्थानिक निवडणुकांत फटका बसल्यावर, देश राजकीय दलदलीत रुतू नये म्हणून आपण जात आहोत, असं सांगून त्यांनी पंतप्रधानपद सोडलं. त्यांची दलदल म्हणजे कारभार ठप्प होणं. अमेरिकी दलदल म्हणजे भ्रष्ट बडे लोक. पोर्तुगीज वाचकासाठी जवळपास ‘कोर्रुप्सांउ’ हा शब्द असू द्या, म्हणजे तो चुकीच्या दलदलीत जाणार नाही.

कशीबशी जोडलेली आघाडी म्हटली की ‘जेरिंगोंसा’, म्हणजे खटारा यंत्र, असं लिहायचा मोह होतो. पण 2015 पासून पोर्तुगालमध्ये जेरिंगोंसा एकच : डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभं राहिलेलं अँटोनियो कोस्टांचं सरकार. हे तेच मूळ गोव्याच्या घराण्यातले कोस्टा. विरोधकांनी हिणवायला वापरलेला शब्द समर्थकांनी आपलासा केला, आणि 2016 साठी पोर्तो एदितोरा या प्रकाशन संस्थेच्या मतदानात तो वर्षाचा शब्द ठरला. जर्मनीतल्या किंवा इस्रायलमधल्या आघाडीला हे नाव दिलंत तर वाचक डावीकडेच पाहील.

ब्राझीलमध्ये देवघेवीच्या राजकारणाला आणखी एक वाक्य आहे : ‘ए दांदु के से रेसेबे’, दिल्यानेच मिळतं. संत फ्रान्सिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रार्थनेतली ही ओळ. 1987-88 च्या संविधान सभेच्या काळात खासदार रोबेर्तु कार्दोझु आल्वेस यांनी ती राजकारणातल्या देवाणघेवाणीला लावली आणि तेव्हापासून ती तशीच चिकटली. मूळ इंग्रजीत बायबलचा किंवा प्रार्थनेचा सूर असेल, तर हिच्याइतकं चांगलं काही सापडणार नाही.

पायरी ७ : प्रतिमा सोडून देण्याची तयारी ठेवा

‘लँडस्लाइड’चा दरड कोसळण्याशी आता काही संबंध उरलेला नाही. ‘वितोरिया एश्मागादोरा’, दणदणीत विजय, पुरे. पोर्तुगालसाठी ‘मायोरिया आब्सोलुता’ मात्र लिहू नका. ते संसदेतलं स्पष्ट बहुमत आहे, आणि ते थोडक्यातही मिळू शकतं.

‘पोर्क बॅरल’साठी ब्राझीलमध्ये ‘ओर्सामेंतु सेक्रेतु’, गुप्त अर्थसंकल्प, हा शब्द खुणावतो. पण ते एका ठरावीक पद्धतीचं नाव आहे, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. अमेरिकी काँग्रेस सदस्याने मतदारसंघासाठी उघडपणे निधी ओढला असेल तर ‘वेर्बाश पारा उ रेदुतु एलेइतोराल’ असं साधं लिहा.

‘जेरीमँडर’ला तर प्रतिशब्द असण्याचं कारणच नाही. 1812 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज जेरी यांनी सही केलेल्या आराखड्यात एक मतदारसंघ सॅलमँडर या पालीसारख्या प्राण्यासारखा वेडावाकडा दिसला, त्यातून हा शब्द झाला. ब्राझीलमध्ये 513 खासदार निवडताना अख्खं राज्य एकच मतदारसंघ असतं, त्यामुळे सीमा वाकवायचा प्रश्न येत नाही. पहिल्यांदा शब्द येईल तेव्हा ‘एका पक्षाच्या फायद्यासाठी मतदारसंघांची फेरआखणी’ असं पोर्तुगीजमध्ये लिहा. मतदारसंघाला ब्राझीलसाठी ‘दिस्त्रितु एलेइतोराल’, पोर्तुगालसाठी ‘सिर्कुलु एलेइतोराल’. पुढे मूळ शब्द तसाच वापरा.

एक वाक्य जवळून

समजा लंडनच्या बातमीत असं आहे : ‘द गव्हर्नमेंट किक्ड द कॅन डाउन द रोड, अँड द बॅकबेंचर्स थ्रू द मिनिस्टर अंडर द बस.’

पहिला भाग सोपा. प्रश्न भिजत घोंगड्यासारखा ठेवणं म्हणजे ‘एंपुर्रार कों अ बार्रिगा’, पोटाने ढकलत नेणं. दोन्ही देशांत चालतं आणि कोणत्याही एका घोटाळ्याला बांधलेलं नाही.

‘बॅकबेंचर्स’ला ब्राझीलचा ‘बाइशु क्लेरु’, कनिष्ठ पाद्रीवर्ग, मोहात पाडतो. पण बाइशु क्लेरु म्हणजे ज्यांना कोणी ओळखत नाही असे खासदार. 2005 मध्ये सेवेरिनु कावालकांती कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचा विजय याच गटाचा मानला गेला. ब्रिटनच्या मागच्या बाकांवर माजी पंतप्रधानही बसतात. म्हणून ‘सत्ताधारी पक्षाचे, पद नसलेले खासदार’ असं उलगडून लिहायचं.

बसखाली ढकलण्यासाठी ब्राझीलमध्ये ‘फ्रितार’, तळणं, सुचेल. तळणं हळूहळू होतं : आतल्या गोटातूनच बातम्या फुटत राहतात आणि मंत्री दिवसेंदिवस करपत जातो. पोर्तुगालमधलं ‘केइमार एं लुमे ब्रांदु’, मंद आचेवर भाजणं, तेही तसंच. बसखाली ढकलणं हा एका क्षणाचा दगा आहे. ब्राझीलसाठी ‘जोगारांउ उ मिनिस्त्रु आउस लेओंइस’, सिंहांपुढे टाकलं. पोर्तुगालसाठी ‘देइशारांउ काइर उ मिनिश्त्रु’, मंत्र्याला पडू दिलं.

दुसरा भाग पोर्तुगालच्या आवृत्तीत थोडा सौम्य झाला, हे खरं. मथळ्यात जोर हवाच असेल तर सिंह लिस्बनलाही चालतात.

पायरी ८ : तपासणी

शब्दकोशाने सुरुवात करा : पोर्तुगालसाठी प्रिबेराम, ब्राझीलसाठी ऑलेते किंवा होउआइस. व्याकरणाच्या आणि वापराच्या शंकांना सिबेरदुविदाश या संकेतस्थळावर 1997 पासूनची उत्तरं साठलेली आहेत. पण राजकीय वाक्प्रचारांचा खरा कस संसदेतल्या भाषणांत लागतो. पोर्तुगालच्या संसदेची इतिवृत्तं आणि ब्राझीलच्या कनिष्ठ सभागृहातली भाषणं दोन्ही ऑनलाइन शोधता येतात. वाक्प्रचार अवतरणचिन्हांत टाकून शोधा आणि आलेले निकाल शेवटपर्यंत वाचा. तो कोण वापरतंय, सत्ताधारी की विरोधक? एकाच वर्षात त्याची गर्दी दिसते का? तशी दिसली तर त्यामागे एखादं प्रकरण आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय तो शब्द वापरायचा नाही. परदेशी राजकारणाबद्दलच्या बातम्यांतही तोच शब्द सापडला, तर तो एका देशाच्या इतिहासातून मोकळा झालाय असं धरायला हरकत नाही.

संपूर्ण लेख वाचल्याशिवाय पहिल्या वाक्प्रचाराचा निर्णय पक्का करू नका. दुसऱ्या परिच्छेदात लेम डक येतो आणि शेवटाकडे वक्ता म्हणतो की या बदकाला अजून उडता येतं. तुम्ही आधी ‘एं फिं दे मांदातु’ लिहून बसलेले असाल तर उडायला काहीच उरत नाही. अशा लेखात ‘पातु मांकु’च घ्या, सुरुवातीला खुलासा द्या आणि बदक शेवटपर्यंत सांभाळा. उलट शेजारशेजारच्या वाक्यांत तीन प्रतिमा असतील तर एकच ठेवा, बाकीच्या साध्या करा. पोर्तुगीज पत्रकार एका परिच्छेदात इतकी गर्दी सहसा करत नाहीत.

मजकूर देताना संपादकासाठी छोटी टीप जोडा : कुठे प्रतिमा बदलली, कुठे सोडली, आणि मथळ्यासाठी दुसरा पर्याय कोणता. लिस्बनसाठी केलेला मजकूर पुढे ब्राझीलमध्येही वापरला जाणार असेल, तर दोन देशांत वेगळे पडणारे शब्द त्याच टिपेत वेगळे दाखवा. ‘ताशु’ असलेला परिच्छेद तसाच साओ पाउलोला गेला, तर तिथला वाचक खरोखरच पातेलं शोधेल.